मुलांना मिनी ट्रेन दाखवण्याची पद्धत

ही मार्गदर्शिका पहिल्यांदाच मुलांना घेऊन दिवसभराच्या सहलीला निघणाऱ्या पालकांसाठी आहे. अनुभवी पालकांना तिची गरज नाही. ते रविवारी घरी असतात. उदाहरणादाखल माथेरान घेतलं आहे, कारण ते आम्हा डोंबिवलीकरांना जवळ आहे, तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे पोरं मोकळी सोडता येतात, आणि तिथे मिनी ट्रेन आहे. यातली पहिली दोन कारणं आपण बायकोला सांगतो, तिसरं मुलांना. घोटाळा तिसऱ्यापासून सुरू होतो.

पायरी पहिली : 'बघू' म्हणा

मराठी घरात 'बघू' हा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून निघतो तेव्हा 'नाही' असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत 'हो' झालेला असतो. माझ्या धाकट्याने, वय वर्षं पाच, जानेवारीत विचारलं, "बाबा, माथेरानच्या छोट्या गाडीत बसायचं?" मी पेपर वाचत होतो. 'बघू' म्हणालो आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत त्याने काड्यापेट्यांची गाडी केली. मार्चमध्ये सोसायटीतल्या समस्त पोरांना आमंत्रण दिलं. एप्रिलमध्ये वॉचमनकाकांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, माथेरानला कधी?" मी आईकडे तक्रार केली, की या पोराला काही बोलायची सोय नाही. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "तुझे बाबाही तुला असंच 'बघू' म्हणायचे."

खरं होतं ते. मी डोंबिवलीतच वाढलो. नेरळवरून पुढे कर्जतला, खोपोलीला, पुण्याला शंभरदा गेलो असेन. दर वेळी खिडकीतून ते छोटे रूळ बघितले. गाडीत मात्र कधी बसलो नाही. पण हे असलं काही कुणाला सांगू नये. सहल मुलांसाठी असते.

पायरी दुसरी : दिवस निवडा

जुलैचा पहिला रविवार उत्तम. शाळा सुरू झालेल्या असतात, डोंगर हिरवे झालेले असतात, आणि व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी मेव्हण्याने धबधब्याखाली काढलेला फोटो आलेला असतो. शिवाय रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे सहलीची सुरुवात फलाटावरच होते.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते. ही माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती कुणी शोधायला जात नाही. आमच्या घरात ती थोरलीला ठाऊक होती. ती नऊ वर्षांची आहे आणि पाट्या वाचते. "मग सांगितलं का नाहीस?" असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

पायरी तिसरी : सामान भरा

हिशोब सोपा आहे. माणशी एक पिशवी, 'लागलं तर असावी' म्हणून आणखी एक, आणि आईचं बोचकं. आम्ही पाच जण होतो, नग सात झाले. मुलांचे दोन-दोन जोड कपडे, टॉवेल, ओडोमॉस, जुलैत गॉगल, आणि एक फुटबॉल. फुटबॉल कुणी भरला याचा तपास अजून चालू आहे. आईच्या बोचक्यात दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा, आणि पुरचुंडीत मीठमोहऱ्या. डोंगरावर पोरांना दृष्ट कोण लावणार, असं मी विचारलं. "रविवारची गर्दी असते," ती म्हणाली.

वडिलांचे कोरडे मोजे कुणी घेत नाही. ही गोष्ट सकाळी किरकोळ वाटते.

पायरी चौथी : लोकल

पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत लोकल ट्रेकला निघालेल्या मंडळींनी भरलेली असते. प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या धाकट्याएवढी सॅक, आणि बरोबर आपल्या धाकट्याच्या नाकाच्या उंचीवर. "आलं का?" हा प्रश्न कल्याणच्या आधी सुरू होतो. डबा अंबरनाथला उघडला जातो. ही घाई नव्हे, हे शास्त्र आहे: घरी पोळीकडे ढुंकून न पाहणाऱ्या मुलांना रेल्वेचा डबा हलायला लागला की भूक लागते. बदलापूर सुटलं की गर्दी विरळ होते आणि बाहेर हिरवं दिसू लागतं. या वेळी मुलांना डोंगर दाखवावेत. मुलं मोबाइल मागतात.

पायरी पाचवी : नेरळ

इथे थोडं थांबायला हवं, कारण सहलीचा कणा इथेच मोडतो.

नेरळला मोठ्या रुळांशेजारी छोटे रूळ आहेत, जेमतेम दोन फूट रुंदीचे. धाकटा माझ्या कडेवरून उतरला आणि त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, गाडी इतकी छोटी आहे म्हणून दिसत नाहीये का?"

नवशिके पालक अशा प्रसंगी खचतात. खचू नका, इतिहास सांगा. मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यायचं आणि त्याला त्या खेळण्याचा इतिहास सांगायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मी सुरुवात केली १८५० पासून. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले, मग साहेबलोकांना वरच्या हवेची चटक लागली. तेव्हा जायचं म्हणजे घोडा नाहीतर पालखी. पुढे सर आदमजी पीरभॉय यांनी पैसे घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रूळ टाकले, आणि १९०७ साली गाडी धावली. बापलेकांनी मिळून सहलीची सोय केली आणि ती शंभर वर्षं टिकली, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आमच्याकडे दोन तास टिकली नव्हती.

सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग, चढ असा की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सरळसोट चढणं इंजिनाला जमण्यासारखं नाही, म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत जातात, आणि अशी आवळ वळणं घ्यायची तर रूळही अरुंदच हवेत. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. "म्हणजे सायकल," थोरली म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. वाटेत एकच बोगदा लागतो, त्याला 'वन किस टनेल' म्हणतात, असंही मी बोलून गेलो. थोरलीने लगेच विचारलं, का म्हणतात? मी बायकोकडे पाहिलं, बायको तिकीटखिडकीवरची पाटी वाचू लागली. आई शांतपणे म्हणाली, "बोगदा आखूड आहे, म्हणून. तेवढ्यात एकच होतो." यानंतर थोडा वेळ कुणी काही विचारलं नाही.

मी घाईघाईने पुढच्या काळात आलो. २६ जुलै २००५ च्या पावसाने हे रूळ उद्ध्वस्त केले, गाडी २००७ मध्ये पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसात परत तेच, आणि नेरळपासून थेट वरपर्यंतची गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. "म्हणजे ही गाडीपण 'बघू'च म्हणते," थोरलीचा निष्कर्ष.

धाकट्यावर इतिहासाचा परिणाम एवढाच झाला की तो रुळाशेजारी मांडी घालून बसला. "मी थांबतो इथे. ऑक्टोबरपर्यंत." आणि त्याने रेनकोटची टोपी ओढून घेतली.

तेव्हा मी दुसरं वचन दिलं. वर अमन लॉज नावाचं स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत तीनेक किलोमीटरची शटल असते, आणि ती पावसाळ्यातसुद्धा चालते. हे खरंच आहे. पण या वाक्यात मी 'नक्की' हा शब्द घातला. 'नक्की' हा 'बघू'चा मोठा भाऊ. त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी सहावी : टॅक्सी

हिच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे. एवढंच नोंदवतो: वडापची टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, घाटातली वळणं पोटातल्या दशमीला मानवत नाहीत, "बाबा, मला कसंतरी होतंय" या वाक्याचा अर्थ 'झालं' असा असतो, आणि लिंबू बोचक्यात तळाशी असतं. पुढच्या सीटवरच्या सद्गृहस्थांनी फार समजूतदारपणा दाखवला. त्यांनाही मुलं असावीत.

पायरी सातवी : दस्तुरी

दस्तुरीला मोटार थांबते. इथे माणशी कर भरून पावती घ्यायची आणि पुढे मोटारीविना जगायचं. ही बंदी जुनी आहे. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, त्याच्याही कितीतरी आधीची. पावती खिशात जाण्याआधी घोडेवाले भोवती जमतात. सगळे एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येकाच्या मते आपलं मूल थकलेलं असतं.

अमन लॉजच्या खिडकीवर शटलची तिकिटं संपली होती. रांग होती ती पुढच्या गाडीची, आणि रांगेची शेपटी जिथे होती तिथून खिडकी दिसत नव्हती. ई-रिक्षांची रांग त्याहून लांब. राहता राहिले घोडा, हातरिक्षा आणि पाय.

आईचे गुडघे दुखतात म्हणून मी हातरिक्षाचा भाव विचारला. समोरून एक रिक्षा चढावर येत होती, एक जण पुढून ओढत होता, दोघं मागून ढकलत होते. धाकटा बघत राहिला. "त्या काकांचा घोडा हरवला का?" आई म्हणाली, "मी चालते." आणि खरोखर चालू लागली, आमच्या पुढे. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला आणि "बरं झालं" म्हणाली, बाकी काही नाही.

घोड्यावर थोरलीला बसवलं. त्याचं नाव बादशाह होतं, पण हे त्याला कुणी सांगितलं नसावं. माथेरानचा घोडा रस्त्याच्या मधून चालत नाही, दरीच्या कडेने चालतो. त्याला बहुधा खालचं चांगलं दिसतं. थोरली पाच मिनिटं राणीसारखी बसली, आणि मग तिला शू लागली. मुलांना घरून निघताना शू लागत नाही, स्टेशनवर लागत नाही, स्वच्छतागृहाच्या दारात उभं केलं तरी लागत नाही. घोड्याचे पैसे आगाऊ दिले की लागते.

बाकीचे आम्ही रुळांच्या कडेकडेने चालत होतो. माथेरानची माती लाल, जांभ्या दगडाची. उन्हाळ्यात ती धूळ असते, जुलैत ती रंग असते. तो धुऊन जात नाही. माझे मोजे अकराच्या सुमारास भिजले, बाराला त्यांचा आवाज येऊ लागला, आणि एक वाजता मी बायकोला विचारलं की कोरडे मोजे कुठे आहेत. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे शब्दांत देता येणार नाही. विवाहित वाचकांनी ती स्वतःच आठवावी.

शटल एकदा आमच्या शेजारून गेली. निळा-पांढरा धूर सोडत, शिट्टी मारत, माणसांनी गच्च. धाकट्याने हात हलवला. आतल्या एका मुलाने जीभ दाखवली.

पायरी आठवी : वन्यजीव

माथेरानच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. डबा असेल तर ते दुर्लक्ष करतात, कापडी पिशवी असेल तर विचार करतात, आणि प्लास्टिक खुळखुळलं की तीन झाडांवरून उतरतात. आईने दशम्या घरून डब्यात आणल्या होत्या. टॅक्सीतल्या घटनेनंतर डबा दुसऱ्या कामासाठी लागला, त्यामुळे दशम्या प्लास्टिकच्या पिशवीत आल्या होत्या. यापुढचं सविस्तर सांगत नाही. एक मोठं माकड आलं, त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली, अगदी भाजीवाला सुटे पैसे घेतो तशी, आणि कठड्यावर बसून दशमी सोलून खाल्ली. दशमी सोलता येते हे मला माहीत नव्हतं.

"गोड लागली त्याला," आई म्हणाली. तिच्या आवाजात जो अभिमान होता तो माझ्या बारावीच्या निकालालाही नव्हता.

जेवण मग बाजारात, हॉटेलात. तिथे थाळी चांगली मिळते. मुलांनी मॅगी खाल्ली.

पायरी नववी : पॉइंट

इथे तीस-पस्तीस पॉइंट आहेत आणि बऱ्याच नावांना साहेबी वास आहे: लुईसा, अलेक्झांडर, किंग जॉर्ज. उन्हाळ्यात प्रत्येक ठिकाणाहून वेगळा देखावा दिसतो. जुलैत सगळीकडून एकच दिसतो, पांढरा. तुम्ही कठड्याला टेकून ढगात बघता, शेजारचं कुटुंबही ढगात बघतं, आणि मधूनच कुणीतरी "तो बघ प्रबळगड" म्हणून ढगात बोट दाखवतं. आपणही मान हलवावी.

इको पॉइंटवर मुलांना आवाज द्यायला सांगतात. त्या दिवशी कठड्यापाशी पाच-सहा कुटुंबं होती आणि सगळी एकदम ओरडत होती. कुणाचा प्रतिध्वनी कुणाला मिळतोय याचा पत्ता नव्हता. थोरलीने जोरात "आजीऽऽ" अशी हाक मारली. ढगातून परत आलं, "पिंट्याऽऽ, मागे हो!" ती खूश झाली. तिने पुन्हा हाक मारली, पिंट्याला पुन्हा दम मिळाला. अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. मी दर पाच मिनिटांनी शार्लट लेकची आठवण करून देत होतो. माझ्याकडे यादी होती. यादीतली पाच ठिकाणं राहिली. तलाव राहिला, चपलांची दुकानं राहिली. चिक्की तेवढी घेतली, कारण ती दुकानं वाट अडवूनच उभी असतात.

पायरी दहावी : परतीची गाडी

हे कसं झालं मला अजून कळलेलं नाही, पण माथेरान स्टेशनवर परतीच्या शटलची पाच तिकिटं मिळाली. मी तिकिटं उंच धरून वळलो. धाकटा बायकोच्या खांद्यावर होता. त्याचे गमबूट लोंबत होते, तोंड उघडं होतं, आणि एका हातात अर्धी चिक्की.

"उठव त्याला," मी म्हणालो.

"झोपलेल्या पोराला उठवू नये," आई म्हणाली.

उठवून पाहिलं. नाव घेऊन हाक मारली, गाल थोपटले, थोरलीने त्याच्या कानात इंजिनाची शिट्टी वाजवली. त्याने डोळे न उघडता "नको ना" म्हटलं आणि दुसरा खांदा मागितला. तो दुसरा खांदा माझा होता. त्याला घेऊन मी डब्यात शिरलो आणि बसलो तर खिडकी मिळाली.

डबा इतका अरुंद, की समोरच्या माणसाच्या गुडघ्यांशी आपली ओळख होते. गाडी हिसका देऊन निघाली, मग दुसरा हिसका दिला, मग मन वळवल्यासारखी चालू लागली. झाडं इतक्या जवळून जातात की भिजलेली पानं बाहीला पुसून जातात. ढग एका खिडकीतून आत येऊन दुसरीतून बाहेर पडत होता. वळणावर पुढचं इंजिन दिसलं. सकाळपासून भिजलेले मोजे मला तेवढ्यापुरते आठवले नाहीत. मी मान बाहेर काढणार होतो, बायकोने शर्ट धरला.

वीसेक मिनिटांनी अमन लॉज आलं. आई समोरून माझ्याकडे बघत होती.

"झालं समाधान?"

"तो झोपलाय ना," मी म्हणालो.

"त्याचं नाही विचारलं."

पायरी अकरावी : पुरावे

मूल खाली उतरताना टॅक्सीत जागं होतं. पहिला प्रश्न असतो, "गाडी कधी येणार?" या प्रसंगाची तयारी आधीच ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती. थोरली म्हणाली, "बसलास की तू. आपण सगळेच बसलो." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिकीट दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. वाचता त्याला येत नाही, पण तिकीट म्हणजे गाडी नव्हे एवढं कळतं. शेवटी बायकोने मोबाइल काढला. फोटोत खिडकी होती, खिडकीत मी होतो, दात काढून हसत, आणि माझ्या खांद्यावर एक लाल चिखलाने माखलेला मुलगा तोंड उघडं टाकून झोपलेला.

त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि नीट निरखला.

"हा बसलाय कुठे? हा झोपलाय. बसलायस तू."

टॅक्सीत कुणी काही बोललं नाही. घाट उतरून नेरळचे छोटे रूळ दिसेपर्यंत तो विचार करत होता. मग त्याने माझी बाही ओढली. "बाबा, आता मी बसायला कधी जायचं?"

यावर द्यायचं उत्तर पहिल्या पायरीत आलेलंच आहे.